माया लिपी: चुकलेल्या वाचनांचा इतिहास

होंडुरासमधल्या कोपान या प्राचीन माया नगरीच्या चौकात एक कोरीव शिलास्तंभ उभा आहे. अभ्यासक त्याला ‘स्तंभ ब’ म्हणून ओळखतात. तो इ.स. 731 मध्ये उभारला गेला. दर्शनी बाजूला राजाची पूर्णाकृती मूर्ती आहे आणि तिच्या वर, दोन्ही कोपऱ्यांत, लांब वळलेल्या सोंडेसारखं काहीतरी कोरलेलं आहे. ग्राफ्टन एलियट स्मिथ या नामवंत शरीररचनाशास्त्रज्ञांनी 1924 मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते ते हत्ती होते, तेही भारतीय, आणि त्यांच्यावरच्या छोट्या मनुष्याकृती म्हणजे फेटा बांधलेले माहूत. त्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, माया संस्कृतीची प्रेरणा भारतातून आणि आग्नेय आशियातून समुद्र ओलांडून अमेरिकेत पोहोचली.

हा वाद त्याच्या आठ-नऊ वर्षं आधीच ‘नेचर’च्या पानांवर रंगला होता. अल्फ्रेड टोझर आणि हर्बर्ट स्पिंडन या अमेरिकन अभ्यासकांनी तेव्हाच दाखवून दिलं होतं की ती सोंड नसून चोच आहे. नाकपुडी मुळाशी आहे, डोळ्याभोवतीची नक्षी पक्ष्याची आहे, आणि कोपानमध्येच इतरत्र अशीच डोकी आहेत. तो मकाऊ जातीचा मोठा पोपट आहे. चेंडूच्या खेळाचं कोपानचं मैदान याच पक्ष्याच्या दगडी डोक्यांनी सजवलेलं होतं. आज त्या स्तंभावरचा मजकूर वाचता येतो आणि त्यात ‘मकाऊ पर्वता’चा उल्लेख आहे. ज्या दगडावर हत्ती दिसले, त्याच दगडावर खुलासा लिहून ठेवलेला होता.

माया लोकांविषयीचे फसलेले सिद्धांत एकत्र मांडले की ते एखाद्या विचित्र वस्तूंच्या संग्रहासारखे वाटतात: इस्राएलच्या हरवलेल्या जमाती, अटलांटिस, म्यू खंड, परग्रहावरचे पाहुणे. पण त्यांच्या मुळाशी एकच अविश्वास आहे. हे देखणे मनोरे इथल्याच लोकांनी उभारले, ही अक्षरं त्यांनीच घडवली आणि त्यात स्वतःबद्दल काही लिहिलं, हे मान्य करायची तयारी नव्हती. कोपान, पालेंके, तिकाल या नगरींभोवती मका पिकवणारे शेतकरी माया भाषाच बोलत होते, तरी त्यांना काही विचारावं असं फार थोड्यांना वाटलं. माझं मत असं आहे की, या प्रकरणात सर्वांत जास्त नुकसान भन्नाट कल्पना रचणाऱ्यांनी केलं नाही, ते विद्यापीठांत आणि संस्थांत मानानं बसलेल्या, अतिशय विद्वान माणसांकडून झालं. त्याकडे मी येणार आहे.

सुरुवातीच्या ‘बांधलं कोणी’ या प्रश्नात फार वेळ घालवायची गरज नाही. आयर्लंडमधल्या लॉर्ड किंग्जबरो यांनी 1831 पासून मेक्सिकोच्या प्राचीन हस्तलिखितांचे प्रचंड खंड छापले, ते अमेरिकेतले मूळ रहिवासी इस्राएली वंशाचे आहेत हे सिद्ध करण्यासाठी. या छपाईपायी ते कर्जबाजारी झाले आणि 1837 मध्ये डब्लिनच्या तुरुंगात टायफसनं वारले. सिद्धांत टिकला नाही, पण त्या खंडांत छापलेली ड्रेस्डेनच्या माया पोथीची नक्कल पुढच्या अभ्यासकांना उपयोगी पडली. जाँ-फ्रेदेरिक वाल्देक हा चित्रकार पालेंकेच्या अवशेषांत मुक्काम ठोकून राहिला आणि तिथल्या अक्षरांची चित्रं काढताना त्यात हत्तींची डोकी घालून मोकळा झाला. त्याला या संस्कृतीमागे खाल्डियन, फिनिशियन आणि विशेषतः हिंदू दिसत होते.

याच काळात दोन माणसं बरोबर बोलत होती. कॉन्स्टंटाइन राफिनेस्क या निसर्गअभ्यासकानं 1832 मध्येच ओळखलं की ठिपका म्हणजे एक आणि आडवी रेघ म्हणजे पाच. ड्रेस्डेनची पोथी आणि पालेंकेचे शिलालेख एकाच लिपीतले आहेत आणि आज बोलल्या जाणाऱ्या माया भाषांतून ती लिपी उलगडेल, असंही त्यानं सांगितलं. दुसरे जॉन लॉइड स्टीफन्स. हे अमेरिकन वकील आधी इजिप्त आणि अरबस्तान फिरून आले होते. 1839 मध्ये ते चित्रकार फ्रेडरिक कॅथरवूड यांना घेऊन कोपानला पोहोचले. कॅथरवूड यांनी चिखलात उभं राहून, डासांशी झगडत स्तंभांची इतकी काटेकोर चित्रं काढली की त्यांतली अक्षरं आजही ओळखता येतात. इजिप्त डोळ्यांनी पाहिल्यामुळेच स्टीफन्स ठामपणे म्हणू शकले की इथे इजिप्तचं काही नाही. ही शहरं इथल्याच लोकांच्या पूर्वजांनी बांधली आणि या दगडांवर त्यांचा इतिहास लिहिलेला आहे, असं त्यांनी 1841 च्या आपल्या प्रवासग्रंथात मांडलं. पुस्तक भरपूर खपलं, पण त्यातलं हे मत पटायला विद्वानांना एकशेवीस वर्षं लागली.

आता लिपीकडे वळू. इथे कथा सुरू होते ती एका गुन्ह्यापासून. जुलै 1562 मध्ये युकातानमधल्या मानी गावी दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूनं मूर्तिपूजेच्या आरोपावरून माया लोकांचा छळ केला आणि त्यांच्या सालपटाच्या कागदावर लिहिलेल्या पोथ्यांची होळी केली. साऱ्या माया जगातल्या असंख्य पोथ्यांपैकी आज चारच उरल्या आहेत. या अत्याचारांबद्दल लांदाला स्पेनमध्ये जाब द्यावा लागला आणि त्याच काळात, 1566 च्या सुमारास, त्यानं युकातानच्या जीवनाविषयी एक ग्रंथ लिहिला. ज्यानं पोथ्या जाळल्या त्याच्याच लिखाणात त्या वाचण्याची किल्ली राहिली. दुर्दैवानं ती किल्ली आहे हे कळायला तीन शतकांहून जास्त काळ गेला.

लांदानं एका शिकलेल्या माया माणसाला समोर बसवून आपली स्पॅनिश मुळाक्षरं एकेक करून उच्चारली आणि प्रत्येकासाठी तुमचं चिन्ह काढ असं सांगितलं. लांदाला वाटत होतं की जगातल्या सगळ्या लिपींत स्पॅनिशसारखी सुटी व्यंजनं आणि स्वर असतात. माया लिपीत तसं नव्हतं. मराठी वाचणाऱ्याला हा घोळ पटकन समजेल. ‘एफ’ हे इंग्रजी अक्षर आपल्या लिपीत लिही असं सांगितलं, तर आपण ‘ए’ आणि ‘फ’ अशी दोन अक्षरं लिहू, कारण आपल्याला ऐकू येतं ते अक्षराचं नाव, आणि आपल्या लिपीत ‘क’ म्हणजे नुसतं व्यंजन नसून स्वरासकट अक्षर आहे. त्या माया लेखकानंही नेमकं तेच केलं. स्पॅनिशमध्ये बी या अक्षराचं नाव ‘बे’; त्यानं ‘बे’ या उच्चाराचं चिन्ह काढलं, ज्यात रस्त्यावर उमटलेलं पाऊल आहे, कारण त्याच्या भाषेत ‘बे’ म्हणजे वाट. ‘ले’ म्हणजे फास हा शब्द लिहून दाखव म्हणून सांगताना लांदानं आधी त्याचे हिज्जे केले, मग शब्द उच्चारला. बिचाऱ्यानं हिज्जेही लिहिले आणि शब्दही लिहिला. शेवटी एखादं वाक्य लिही म्हटल्यावर त्यानं लिहिलं: ‘मा इन काती’. मला नको आहे. लांदानं ते जसंच्या तसं ग्रंथात उतरवून ठेवलं.

हा ग्रंथ माद्रिदच्या संग्रहात पडून होता. फ्रेंच धर्मगुरू ब्रासर द बूरबूर यांनी तो शोधून 1864 मध्ये प्रसिद्ध केला. या माणसाचे उपकार मोठे आहेत. कीचे या माया लोकांचा ‘पोपोल वुह’ हा ग्रंथ युरोपला परिचित करून देणाऱ्यांत ते अग्रभागी होते आणि माद्रिदच्या माया पोथीचा एक भागही त्यांनीच उजेडात आणला. पण लांदाची यादी त्यांनी सरळ मुळाक्षरं समजून वापरली आणि ती पोथी ‘वाचली’. पानांचा क्रम त्यांनी उलटा लावला होता. जे बाहेर आलं त्यात समुद्रात बुडालेल्या एका भूमीची कथा होती, आणि ‘म’ व ‘उ’ असं वाटणाऱ्या दोन चिन्हांवरून तिचं नाव ठरलं म्यू. प्रत्यक्षात ती पोथी आहे पंचांगांची: पाऊस कधी, शिकार कधी, मधमाश्यांच्या पोळ्यांना कधी हात लावायचा, कोणत्या दिवशी कोणत्या देवाला काय अर्पण करायचं. शेतकऱ्याच्या आणि पुजाऱ्याच्या उपयोगाच्या त्या पानांतून प्रलय वाचून काढण्यात आला.

तिथून पुढे हा प्रवाह फोफावला. इग्नेशियस डोनेली यांनी 1882 मध्ये अटलांटिसवरच्या पुस्तकात लांदाच्या अक्षरांची तुलना फिनिशियन लिपीशी केली. ऑगस्टस ल प्लाँजाँ यांनी चिचेन इत्सा इथं खरोखर चांगलं उत्खनन आणि छायाचित्रण केलं, 1875 मध्ये प्रसिद्ध चाकमोल मूर्ती जमिनीतून काढली, आणि मग त्या अवशेषांवर म्यू राणी आणि राजपुत्र कोह यांची प्रेमकथा रचली. नवरा मारला गेल्यावर ही राणी इजिप्तला पळाली आणि तिथे तिनं स्फिंक्स बांधलं, असं त्यांचं सांगणं. आपल्या म्हणण्याला आधार म्हणून त्यांनी वाल्मीकि रामायणाचाही हवाला दिला होता. जेम्स चर्चवर्ड यांनी 1926 मध्ये तो खंड अटलांटिक महासागरातून पॅसिफिकमध्ये नेला, तिथे 6 कोटी 40 लाख लोकांची वस्ती वसवली आणि पुरावा म्हणून भारतातल्या एका मंदिराच्या पुजाऱ्यानं दाखवलेल्या मातीच्या पाट्यांचा उल्लेख केला. त्या पाट्या दुसऱ्या कुणी कधी पाहिल्या नाहीत.

या धुमश्चक्रीचा एक गंभीर परिणाम झाला. लांदाची यादी बदनाम झाली. जी वापरून ब्रासर बुडाले, तिच्या वाटेला जाणं म्हणजे आपली प्रतिष्ठा घालवणं, असं शहाण्या अभ्यासकांना वाटू लागलं. त्याच वेळी आकड्यांच्या वाटेवर मात्र झपाट्यानं यश येत होतं. ड्रेस्डेनच्या शाही ग्रंथालयातले ग्रंथपाल अर्न्स्ट फ्योर्स्टेमान यांनी 1880 नंतरच्या वर्षांत तिथल्या पोथीवरून माया कालगणना उलगडली. वीसच्या पटीतली अंकपद्धती, शून्याचा वापर, 260 दिवसांचं चक्र, शुक्राच्या उदयास्ताची कोष्टकं, आणि एका दूरच्या आरंभदिनापासून मोजलेले दिवस. जोसेफ गुडमन या पत्रकारानं 1905 मध्ये माया तारखा आपल्या तारखांशी जोडून दाखवल्या आणि थोड्या दुरुस्तीनंतर तीच जोडणी आज प्रमाण मानली जाते. तारखा वाचता येत होत्या, मजकूर वाचता येत नव्हता. मग हळूहळू असं ठरत गेलं की मजकुरात तारखांखेरीज काही नाहीच.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माया अभ्यासावर दोन माणसांची सत्ता होती, दोघंही वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेशी जोडलेले. सिल्व्हेनस मॉर्ले यांनी आयुष्यभर जंगलं तुडवून शिलालेख जमवले, पण त्यांच्या जाडजूड ग्रंथांत पुष्कळदा तारखांचीच अक्षरं काढलेली आहेत. बाकीची गाळली आहेत. ज्या अक्षरांत राजांची नावं, लढाया, लग्नं होती तीच वगळली गेली. दक्षिणेतलं ‘जुनं साम्राज्य’ कोसळल्यावर माणसं उत्तरेत जाऊन त्यांनी ‘नवं साम्राज्य’ उभारलं, हा मॉर्ले यांचा आवडता सिद्धांतही पुढे टाकून द्यावा लागला. साम्राज्य असं कधी नव्हतंच, आपसांत लढणारी आणि सोयरिकी करणारी शहरराज्यं होती.

एरिक थॉम्पसन यांचं वजन याहून मोठं. अफाट वाचन, माया खेड्यांत घालवलेली वर्षं, कालगणनेत कुणी हरकत घेऊ नये असं प्रभुत्व. पुढच्या आणि मागच्या तारखेकडे मोजायचं कसं हे सांगणारी चिन्हं त्यांनी ओळखली. 1962 मध्ये त्यांनी केलेल्या चिन्हांच्या सूचीतले क्रमांक आजही अभ्यासक वापरतात. पण त्यांनी माया लोकांचं जे चित्र रंगवलं ते असं: शहरं म्हणजे रिकामी धर्मस्थळं, जिथे मोजके पुजारी राहत आणि शेतकरी सणाला जमत. हे पुजारी शांतताप्रिय, ताऱ्यांकडे पाहत काळाची उपासना करणारे. दगडांवर काळाची स्तोत्रं लिहिलेली. त्यात हाडामांसाच्या माणसाचं नाव असणं शक्यच नाही. 1950 च्या आपल्या प्रचंड ग्रंथात त्यांनी हे निःसंदिग्धपणे लिहिलं. लिपी उच्चारांची नाही, कल्पनांची आहे, हा त्याचाच दुसरा भाग.

या चित्रावर वाचकांचं प्रेम बसलं यात नवल नाही. थॉम्पसन पहिल्या महायुद्धातून जखमी होऊन परतलेले, आणि युरोप पुन्हा एकदा पेटत असताना अशा निर्वैर, चिंतनशील समाजाची ओढ माणसाला वाटणारच. पण 1946 मध्ये बोनांपाक या माया स्थळाची भित्तिचित्रं बाहेरच्या जगाला दिसली. तीन खोल्यांच्या भिंतींवर तुंबळ लढाई, जमिनीवर बसवलेले कैदी, त्यांच्या बोटांतून ठिबकणारं रक्त. थॉम्पसन यांनी ती बळींसाठी केलेली किरकोळ धाड ठरवली. भिंतीवरचं रक्त दिसत असूनही सिद्धांत हलला नाही, कारण तोवर तो सिद्धांत राहिला नव्हता, ते वातावरण झालं होतं. उच्चारांच्या दिशेनं जाऊ पाहणाऱ्या बेंजामिन व्होर्फ यांच्या 1933 च्या प्रयत्नातल्या चुका पुढे करून ती वाटच बंद ठरवली गेली, आणि लिप्यांचे थोर अभ्यासक इग्नास गेल्ब यांनी 1952 मध्ये माया लिपीला खऱ्या लिपीचा दर्जाही दिला नाही. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी पूर्ण विकसित लिपी घडवली, हे त्यांच्या लिपिविकासाच्या शिडीत बसत नव्हतं.

त्याच वर्षी, 1952 मध्ये, लेनिनग्राडमधल्या तीस वर्षांच्या युरी क्नोरोझोव्ह यांचा लेख एका सोव्हिएत नियतकालिकात आला. त्यांनी माया जंगल पाहिलेलं नव्हतं आणि ते पाहायला त्यांना पुढे 1990 उजाडावं लागलं. जवळ होत्या पोथ्यांच्या छापील प्रती आणि लांदाचा ग्रंथ. त्यांनी पहिली गोष्ट केली ती चिन्हं मोजण्याची. वर्णमालेला वीस-तीस चिन्हं पुरतात, अक्षरलिपीला शंभरएक. नुसत्या शब्दचिन्हांच्या लिपीला हजारो लागतात. माया चिन्हं काही शेकडे भरतात. म्हणजे सुमेर आणि इजिप्तच्या जुन्या लिप्यांसारखी ही मिश्र लिपी असणार: काही चिन्हं अख्ख्या शब्दाची, काही एकेका अक्षराची. आणि तसं असेल तर लांदाची यादी वर्णमाला नाही, बाराखडीचा तुकडा आहे.

मग त्यांनी तपासणी कशी केली ते जवळून पाहण्यासारखं आहे. पोथीत टर्कीच्या चित्रावर दोन चिन्हं आहेत. पहिलं लांदाच्या यादीत ‘कु’ म्हणून दिलेलं. युकातानच्या माया भाषेत टर्कीला ‘कुत्झ’ म्हणतात. म्हणजे दुसरं ‘त्झु’ असावं. आता कुत्र्याच्या चित्रावर पाहिलं, तर तिथे हेच ‘त्झु’ पहिलं आणि त्यापुढे लांदानं ‘ल’ म्हणून दिलेलं चिन्ह. ‘त्झुल’ म्हणजे कुत्रा. ड्रेस्डेनच्या पोथीत एका जागी अकरा हा आकडा यायला हवा, पण तिथे ठिपके-रेघा नसून तीन चिन्हं आहेत. पहिलं पुसट, दुसरं ‘लु’, तिसरं ‘कु’. अकराला माया भाषेत ‘बुलुक’ म्हणतात. शब्द व्यंजनानं संपत असेल तर शेवटच्या अक्षरातला स्वर लिहिला जातो, बोलला जात नाही, हा नियम त्यांनी मांडला. मराठी माणसाला तो शिकवावाही लागत नाही. आपण ‘घर’ लिहितो तेव्हा ‘र’मध्ये ‘अ’ असतो आणि तो आपण उच्चारत नाही.

थॉम्पसन यांनी यावर केलेला हल्ला कठोर होता. क्नोरोझोव्ह यांच्या लेखाला संपादकांनी जोडलेली मार्क्सवादी प्रस्तावना त्यांच्या हाती आयतीच सापडली आणि शीतयुद्धाच्या त्या दिवसांत ‘मॉस्कोचा प्रचार’ हा शिक्का पुरेसा ठरला. क्नोरोझोव्ह यांच्या काही वाचनांत चुका होत्याच. त्या दाखवून पद्धतच खोटी ठरवण्यात आली. अमेरिकेत मायकेल को आणि डेव्हिड केली अशा मोजक्याच तरुणांनी त्यांची बाजू उचलून धरली. थॉम्पसन हयात असेपर्यंत, म्हणजे 1975 पर्यंत, लिपीच्या ध्वनिमूल्यांविषयी बोलणाऱ्याला या क्षेत्रात बेतानंच बोलावं लागे. एका माणसाच्या विद्वत्तेचा धाक वीस वर्षांचं संशोधन अडवू शकतो, हे वाचताना मला आजही अस्वस्थ वाटतं. क्नोरोझोव्ह यांनी पुढे 1960 च्या दशकात सिंधू लिपीवर काम करणाऱ्या सोव्हिएत गटाचंही नेतृत्व केलं. तिथे त्यांच्या हाती लांदासारखी यादी नव्हती आणि निष्कर्ष सर्वमान्य झाले नाहीत.

‘दगडावर इतिहास नाही’ या मताला तडा गेला तो मात्र ध्वनिमूल्यांशिवाय. हाइनरिश बर्लिन यांनी 1958 मध्ये दाखवलं की प्रत्येक शहराच्या लेखांत त्या त्या शहराचं खास चिन्ह येतं. दोन वर्षांनी तातियाना प्रोस्कुरियाकोफ यांचा पिएद्रास नेग्रास या माया नगरीवरचा लेख आला. सायबेरियातल्या तोम्स्कमध्ये जन्मलेल्या, अमेरिकेत वाढलेल्या या बाई शिक्षणानं वास्तुरचनाकार. मंदीत काम मिळेना म्हणून त्या अवशेषांची चित्रं काढायला उत्खननाच्या चमूत गेल्या आणि तिथल्याच झाल्या. पिएद्रास नेग्रासचे स्तंभ वेगवेगळ्या देवळांसमोर गटागटांनी उभे होते. प्रत्येक गटाच्या पहिल्या स्तंभावर कोनाड्यात बसलेली एक व्यक्ती, खाली शिडी, शिडीवर पावलांचे ठसे. त्या प्रसंगाच्या तारखेबरोबर एक ठरावीक चिन्ह, ज्याला अभ्यासक गंमतीनं ‘दातदुखी’ म्हणत, कारण त्यात गालाला फडकं बांधल्यासारखं डोकं आहे. त्याहून बारा ते एकतीस वर्षं आधीची एक तारीख, तिच्यासोबत वर तोंड केलेल्या बेडकाचं चिन्ह. मग दर पाच वर्षांनी स्मारकं, आणि मग नवा गट.

देवांचं पंचांग असतं तर असे गट पडले नसते. एकेका गटाची लांबी माणसाच्या आयुष्यात मावणारी होती. बेडूक म्हणजे जन्म, दातदुखी म्हणजे राज्यारोहण, आणि एक गट म्हणजे एका राजाची कारकीर्द. ज्या झगेवाल्या आकृतींना पुजारी म्हटलं जात होतं त्या बायका आहेत, हेही त्यांनीच दाखवलं: राण्या, राजमाता, शेजारी लहान मुली. नवी उत्खननं नाहीत, नवा शोध नाही. सगळ्यांसमोर वर्षानुवर्षं छापलेली होती तीच चित्रं आणि त्याच तारखा. थॉम्पसन यांनी इथे मात्र हार मान्य केली, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. प्रोस्कुरियाकोफ यांच्या अस्थी 1998 मध्ये पिएद्रास नेग्रासच्या टेकडीवर पुरण्यात आल्या.

दोन धागे एकत्र आले ते डिसेंबर 1973 मध्ये, पालेंकेच्या एका छोट्या परिषदेत. चित्रकला शिकवणाऱ्या लिंडा शील, विद्यार्थी पीटर मॅथ्यूज आणि भाषाशास्त्रज्ञ फ्लॉइड लाऊन्सबरी यांनी काही तासांत पालेंकेच्या राजांची ओळ जुळवली. तिच्या मध्यभागी होता पकाल. त्याचं नाव कधी ढालीच्या चित्रानं लिहिलेलं, कधी ‘पा-का-ला’ अशा तीन अक्षरांनी, कारण पकाल म्हणजे ढाल. याच राजाचं थडगं आल्बेर्तो रुस यांना 1952 मध्ये देवळाखालच्या जिन्यातला राडारोडा उपसून सापडलं होतं, आणि याच थडग्याच्या झाकणावर एरिख फॉन डेनिकन यांना 1968 मध्ये यान चालवणारा अंतराळवीर दिसला. ते चित्र आडवं धरलं तरच तसं दिसतं. उभं पाहिलं तर मागे विश्ववृक्ष आहे, शेंड्यावर पक्षी, खाली हाडांचा जबडा उघडून बसलेली धरणी आणि त्यातून मक्याच्या देवाच्या वेशातला राजा. झाकणाच्या कडेवर तारखा कोरलेल्या आहेत: जन्म 603, मृत्यू 683. दगडी पेटीच्या बाजूंवर फळझाडांसारखे उगवणारे त्याचे पूर्वज, प्रत्येकाचं नाव लिहिलेलं. इतकी कागदपत्रं सोबत ठेवलेल्या माणसाला परग्रहवासी करून टाकायचं, याचा मला राग येतो.

त्यानंतर वाचनाचा वेग वाढला. 1980 च्या दशकात डेव्हिड स्टुअर्ट या तरुणानं एकाच अक्षरासाठी अनेक पर्यायी चिन्हं असतात हे दाखवलं आणि मोठा अडसर दूर झाला. ग्वाटेमालातल्या रिओ आसुल इथं सापडलेल्या एका झाकणाच्या भांड्यावर त्यांनी ‘काकाव’ हा शब्द वाचला. हर्शी चॉकलेट कंपनीच्या प्रयोगशाळेत भांड्याच्या तळाची खरड तपासली, तेव्हा त्यात खरोखर कोको निघाला. या वाचनाचाही लंबक मग दुसऱ्या टोकाला गेला. शील आणि मेरी मिलर यांच्या 1986 च्या प्रदर्शनग्रंथानंतर रक्त काढणारे, कैद्यांना मारणारे राजे इतके पुढे आले की शांत पुजाऱ्यांच्या जागी रक्तपिपासू राजे बसले. तेही अर्धंच चित्र आहे. 2018 मध्ये विमानातून लेझर किरणांनी केलेल्या पाहणीत उत्तर ग्वाटेमालाच्या जंगलाखाली 60 हजारांहून अधिक बांधकामं दिसली: घरं, शेतीचे बांध, कालवे, उंच रस्ते. रिकाम्या धर्मस्थळांची कल्पना तिकालच्या नकाशांनी आधीच मोडली होती. आता ती उरलीच नाही.

आपल्याकडची एक गोष्ट इथे बोलायलाच हवी. चमनलाल यांच्या ‘हिंदू अमेरिका’ या 1940 च्या पुस्तकापासून मयासुर म्हणजे माया, मयसभा बांधणाराच तिकडे जाऊन मनोरे बांधता झाला, हे आपल्याकडे भाषणांत, दिवाळी अंकांत आणि आता मोबाइलवर फिरत आलं आहे. त्यातले ‘पुरावे’ बहुतेक एलियट स्मिथ आणि वाल्देक यांचेच आहेत. तेच हत्ती, तीच कमळं. बालाजी मुंडकूर यांनी 1978 मध्ये ‘करंट अँथ्रोपॉलॉजी’त हिंदू प्रतीकं मध्य अमेरिकेत गेली या दाव्याची सविस्तर चिकित्सा करून तो खोडून काढला. तिथे ना लोखंड होतं, ना गाडीचं चाक व्यवहारात होतं, ना गहू-तांदूळ, ना घोडा-बैल. आणि माया भाषांचं संस्कृतशी कसलंही नातं नाही. शून्य त्यांनी स्वतंत्रपणे शोधलं. इंग्रज जेव्हा म्हणत की अजिंठ्यासारखी कला इथली असूच शकत नाही, ग्रीकांकडून आली असणार, तेव्हा आपल्याला जे वाटतं तेच एखाद्या माया माणसाला आपलं हे अभिमानाचं बोलणं ऐकून वाटेल.

आणि माया माणसं आहेत. ‘गूढरीत्या लुप्त झालेली संस्कृती’ हा मोडीत निघालेल्या सिद्धांतांपैकी सर्वांत चिवट, कारण तो अजून पर्यटनाच्या पत्रकांत आणि दूरचित्रवाणीवर छान चालतो. नवव्या शतकात दक्षिणेतली राज्यं कोसळली, शहरं ओस पडली, हे खरं. दुष्काळ, युद्धं आणि राजसत्तेवरचा उडालेला विश्वास ही त्यामागची कारणं आज अभ्यासक मांडतात. लोक मात्र राहिले. आज लाखो माणसं तीसच्या आसपास माया भाषा बोलतात. ग्वाटेमालातल्या 1960 ते 1996 च्या यादवीत सुमारे दोन लाख माणसं मारली किंवा बेपत्ता केली गेली आणि 1999 च्या सत्यशोधन आयोगानं ओळख पटवलेल्या बळींमध्ये 83 टक्के माया होते. गावंच्या गावं जाळली जात होती आणि त्याच वेळी ‘लुप्त’ मायांवरची पुस्तकं खपत होती.

यादवी संपली नव्हती तेव्हाच, 1980 च्या दशकाच्या अखेरीस, काकचिकेल आणि इतर माया भाषांच्या शिक्षकांनी व भाषाकार्यकर्त्यांनी लिंडा शील यांना अँटिग्वा शहरात बोलावलं आणि आपली लिपी शिकवायला सांगितली. शील आणि निकोलाय ग्रूब यांनी तिथे वर्ग घेतले. तेव्हापासून ग्वाटेमाला आणि युकातानमध्ये माया शिक्षक आपापल्या भाषांतून ही लिपी शिकवत आले आहेत. अभिजात शिलालेखांची भाषा चोलतीअन शाखेची आहे हे भाषाशास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिलं. तिची सर्वांत जवळची हयात बहीण चोर्ती, आणि चोर्ती बोलणारी माणसं आजही राहतात ती कोपानच्याच परिसरात.